वल्लीस आधार, द्रव्यास ओळख
चिकित्सालयाच्या सज्जातील औषधी वेलींविषयी काही विचार

द्रव्यगुणाच्या अभ्यासक्रमात आपण सर्वांनी वल्लींचे पर्याय, रस, वीर्य, विपाक आणि आमयिक प्रयोग मुखोद्गत केले. वेल वर चढते ती कशाच्या बळावर, हा प्रश्न मात्र परीक्षेत कधी आला नाही आणि म्हणून तो मनातही फारसा आला नाही. वास्तविक चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात औद्भिद द्रव्यांचे वनस्पती, वानस्पत्य, ओषधी व वीरुध असे चार वर्ग सांगताना पहिले तीन फळ-फुलांवरून ओळखले आणि वीरुध वर्गाचे लक्षण म्हणून प्रतान, म्हणजे पसरणे व धरणे, हाच गुण निवडला. वेलीची ओळख तिच्या चढण्यात आहे, ही गोष्ट शास्त्रकारांना पुरती ठाऊक होती.

गेल्या काही वर्षांत वैद्यबंधूंच्या चिकित्सालयांत कुंड्या वाढल्या आहेत, ही आनंदाची बाब आहे. बहुतेक ठिकाणी गुळवेल असते, कोठे नागवेल, कोठे हाडजोड वा शतावरी. परंतु यांतील बऱ्याच वेली खिडकीच्या गजांतून खाली लोंबत असतात किंवा फरशीवर पसरलेल्या असतात. रोपवाटिकेतून आणलेली एकच जाडजूड काठी सर्व कुंड्यांत सारखीच खोचलेली असते. वेल तिला दोन महिने बांधून ठेवली जाते आणि मग दोघेही आडवे होतात. वेल जगते, पाने येतात, पण फुलावर येत नाही. रुग्ण विचारतो, ‘‘डॉक्टर, हीच का ती गुळवेल?’’ आणि आपण हृदयाकृती पानाकडे बोट दाखवून ‘‘हीच’’ म्हणतो.

हृदयाकृती पान हा पुरावा अतिशय दुबळा आहे. गुळवेलीचे पान हृदयाकृती, तिच्याच कुळातील पहाडवेलीचे (पाठेचे) पान बरेचसे तसेच, लवयुक्त पानांची पद्मगुळवेल तशीच, आणि दिवाणखान्यातील मनीप्लांटही दुरून पाहणाऱ्यास तसाच. वेलीची खात्रीशीर ओळख फूल, फळ, परिपक्व खोड आणि चढण्याची रीत या चार गोष्टींवर ठरते. योग्य आधार मिळाल्याशिवाय या चारही गोष्टी एकत्र पाहावयास मिळत नाहीत. आधाराचा विषय शोभेच्या बागकामापुरता न ठेवता वैद्यकीय नियतकालिकात मांडावासा वाटला, तो एवढ्यासाठीच.

प्रश्न का निकडीचा आहे

कोविडच्या काळात, २०२० मध्ये, घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. कोणी कुंपणावरची वेल तोडली, कोणी शेजाऱ्याने दिलेली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे या अभ्यासात निश्चित केलेले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने गुडूची (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद जाहीर केला. त्याच वर्षी देशातील तेरा केंद्रांतील त्रेचाळीस रुग्णांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि काही रुग्णांत आधीपासून सुप्त असलेला स्वप्रतिकारजन्य यकृतविकार गुळवेलीच्या सेवनाने उघड झाला असावा, असे मत त्यात मांडले गेले.

या वादात आपली बाजू मांडताना प्रत्येक बाब ‘‘चुकीची वेल होती’’ म्हणून झटकून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. यकृतविकार वा स्वप्रतिकारजन्य व्याधी असलेल्या रुग्णास गुडूची देताना अवधान हवेच. परंतु वेल कोणती होती हेच ठाऊक नसेल, तर ना आरोप सिद्ध होतो ना बचाव. अशा वेळी वैद्याजवळ किंवा औषधनिर्मात्याजवळ स्वतः वाढविलेली, फुला-फळांसह तपासलेली एक तरी वेल असावी, म्हणजे बाजारातून आलेले खोड तिच्याशेजारी ठेवून पाहता येते.

चढण्याच्या चार रीती

डार्विनने १८६५ मध्ये आरोही वनस्पतींवर विस्तृत निबंध लिहून त्यांचे वर्ग पाडले. आपल्या कामापुरते त्यांतील चार लक्षात ठेवले तरी पुरे. पहिला वर्ग स्वतःच्या खोडानेच आधाराभोवती वेटोळे घेणाऱ्यांचा. गुळवेल, अनंतमूळ, गुडमार या त्यातल्या. दुसरा पेरांवर फुटलेल्या आगंतुक मुळांनी चिकटून चढणाऱ्यांचा. नागवेल, मिरी, गजपिंपळी व मनीप्लांट. तिसरा तनाव्यांनी, म्हणजे तारेसारख्या प्रतानांनी, धरणाऱ्यांचा. हाडजोड आणि द्राक्ष. चौथा काट्यांनी अडकून दुसऱ्यावर रेलणाऱ्यांचा, शतावरी. प्रत्येक वर्गास लागणारा आधार वेगळा आहे आणि एकाचा दुसऱ्यास चालत नाही. रोपवाटिकांत हल्ली काथ्या गुंडाळलेली जाड काठी सरसकट सर्व वेलींसाठी विकली जाते. ती दुसऱ्या वर्गास उत्तम, बाकी तिन्हींस जवळजवळ निरुपयोगी.

गुळवेल

गुडूचीचा ‘कुंडली’ हा पर्याय तिच्या वेटोळ्यांची आठवण देतो. तिचा शेंडा हवेत फिरत फिरत आधार शोधतो आणि सापडला की त्याभोवती वळतो. आधार फार जाड असेल तर कोवळ्या शेंड्यास वळसा पुरा करता येत नाही. म्हणून चार इंची प्लास्टिकची नळी किंवा वर सांगितलेली जाड काठी तिला नको. अंगठ्याएवढ्या जाडीचा बांबू किंवा कुंडीपासून वरच्या गजापर्यंत ताणून बांधलेली काथ्याची दोरी पुरते. गुळवेलीच्या अंगावरून दोऱ्यासारखी लांब मुळे खाली सुटतात. ती पाहून ती मुळांनी चढते असा समज होतो. ही मुळे आधारास चिकटत नाहीत, सरळ जमिनीकडे जातात. जमिनीलगत तोडलेली वेल झाडावर जिवंत राहते आणि पुन्हा मुळे सोडून भुईला लागते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ‘छिन्नरुहा’ हे नाव सार्थ आहे.

लागण ज्येष्ठ-आषाढात, पावसाच्या तोंडावर करावी. पेन्सिलीहून जाड, दोन-तीन पेरे असलेला तुकडा घ्यावा आणि त्याचा मूळचा खालचा भाग खालीच राहील याची काळजी घ्यावी. तोडतानाच खालचे टोक तिरपे कापले की घोटाळा होत नाही. कुंडी चौदा ते सोळा इंच तोंडाची असावी. काठी लावणीच्या वेळीच, कुंडीच्या तळापर्यंत उतरवून विटांच्या तुकड्यांत घट्ट बसवावी. नंतर खुपसली तर मुळे तुटतात. एकूण उंची आठ ते दहा फूट मिळाली तर फारच चांगले. सज्जा ठेंगणा असेल तर वेल वर जाऊन आडव्या दोरीवर वळवावी, पण तिला पुरेशी लांबी आणि ऊन मिळालेच पाहिजे.

हिवाळ्याच्या अखेरीपासून हिची पाने गळू लागतात. या वेळी पुष्कळ जण वेल वाळली समजून एकतर पाण्याचा मारा करतात, नाहीतर ती छाटून टाकतात. नेमकी याच निष्पर्ण जुन्या खोडावर बारीक पिवळसर फुले येतात. म्हणून औषधासाठी खोड काढावयाचे असल्यास एक जुना मुख्य फाटा न छाटता राखावा. फुले अगदी लहान असल्याने भिंग घेऊन पाहावे. गुडूचीच्या फुलास आतील लहान पाकळ्या सहा, क्रिस्पास तीन. गुडूचीची फळे गोल व पिकल्यावर लाल, घोसाने येणारी; क्रिस्पाची लांबट व नारिंगी. गुडूचीचे खोड हिरवट, क्रिस्पाचे करडे, त्यावर ठळक चामखिळीसारखे उंचवटे, आणि तोडल्यास दुधाळ स्राव. येथे एक सावधगिरी सांगतो. जुन्या गुळवेलीची सालही वातरंध्रांमुळे खडबडीत लागते आणि पापुद्र्याने सुटते. नवशिक्यास ती क्रिस्पाच वाटेल. आडव्या छेदात दिसणारी चक्राकृती रचना, जिच्यावरून ‘चक्रलक्षणिका’ हे नाव पडले, ती जातीपर्यंतचा निर्णय देण्यास पुरेशी नाही. फूल पाहिल्यावाचून निर्णय पक्का म्हणू नये.

गुळवेलीत नर व मादी वेली वेगळ्या असतात आणि तुकड्यापासून वाढविलेली वेल मातृवेलीच्याच लिंगाची होते. त्यामुळे फुले येऊनही फळ धरले नाही तर वेल उपटून टाकू नये. ती नर असेल किंवा एकटी मादी असेल. शक्य असल्यास दोन्हींचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवावेत.

नागवेल, पिंपळी आणि मिरी

मुळांनी चढणाऱ्या वेलींचे तंत्र शिकावयाचे असेल तर ग्रंथांपेक्षा पानमळ्यात जावे. सांगली जिल्ह्यात मिरजेच्या परिसरात पानमळ्यांना शेवरी, शेवगा, हदगा, पांगारा अशा झाडांचा जिवंत आधार देतात. ही झाडे भराभर वाढतात, विरळ सावली देतात आणि त्यांची खडबडीत साल मुळांना धरण्यास सोयीची असते. वेल शेंड्यापर्यंत पोहोचली की ती खाली उतरवून, पाने झडलेला बुंध्याकडचा भाग गुंडाळून मातीत पुरतात. पेरापेराला नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा तरुण होते. हीच उतरण कुंडीत दर वर्षी करता येते. वर दोन हात पाने आणि खाली नुसते उघडे खोड अशी नागवेलीची दुर्दशा त्यामुळे टळते.

कुंडीतील नागवेलीस काथ्या गुंडाळलेली काठी द्यावी. नवा काथ्या आधी एक-दोन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून मगच गुंडाळावा. पुढे रोज झाडांना पाणी घालताना काठीही ओली करावी, कारण काथ्या कोरडा राहिला तर मुळे त्याला धरत नाहीत आणि वेल केवळ बांधल्यामुळे उभी राहते. या वेली भिंतीवर मात्र सोडू नयेत. मुळे रंगाचे पापुद्रे ओढून काढतात आणि गृहनिर्माण संस्थेच्या सभेत चिकित्सालयाचा विषय निघतो.

पिंपळीची गोष्ट निराळी आहे. विदर्भात अंजनगाव सुर्जीकडे पानपिंपरीचे मळे आहेत आणि तेथेही आधाराची झाडे लावतात. पण पिंपळी मिरीसारखी उंच जाणारी वेल नव्हे. तिच्या भुईसरपट फांद्यांवर लांब देठाची हृदयाकृती पाने येतात, तर फळे धरणाऱ्या उभ्या फांद्यांवरील पाने देठरहित, खोडास कवटाळणारी असतात. एकाच रोपावर ही दोन प्रकारची पाने पाहून रोपवाटिकेने दोन जाती एकत्र दिल्या असा संशय घेऊ नये. कुंडीत तिला दोन-अडीच फुटांच्या तीन-चार काड्या वर्तुळात खोचून द्याव्यात. उंच काठीवर ताणून बांधल्यास तिचे काहीच भले होत नाही. पिंपळीतही नर-मादी वेगळे असल्याने फळे लागलेल्या मादी रोपाचेच छाट आणावेत.

मिरीमध्ये आधाराचा आणि छाटाच्या जागेचा संबंध फार शिकण्यासारखा आहे. मिरीच्या वेलीला मुळे फुटून वर चढणारे सरळ फाटे असतात आणि त्यांतून आडव्या फळफांद्या निघतात. चढत्या फाट्याचा किंवा बुंध्यातून पसरणाऱ्या धावत्या फांदीचा छाट लावला तर चढणारी वेल मिळते. आडव्या फळफांदीचा लावला तर झुडूप मिळते, जे कधीच चढत नाही. हल्ली कुंडीसाठी विकली जाणारी ‘झुडपी मिरी’ ती हीच. तिला काठी खोचून ‘‘चढत का नाही’’ म्हणून खत घालीत बसणे व्यर्थ होय. चढणारी मिरी कोकणातील बागायतदार सुपारी-नारळाच्या बुंध्याशी लावतात. लावताना आधाराच्या उत्तर वा ईशान्य बाजूस लावावी, म्हणजे दुपारच्या कडक उन्हाने कोवळे फाटे करपत नाहीत. सज्जात हाच नियम काठीच्या सावलीबाबत पाळावा.

गजपिंपळीविषयी थोडे. भावप्रकाशकारांनी चविकेच्या फळास गजपिप्पली म्हटले आहे, तर आजच्या व्यवहारात सिंडॅप्सस ऑफिसिनॅलिस या सुरण-अळूच्या कुळातील वेलीचे फळ वापरले जाते. ही वेल मनीप्लांटची निकटची नातेवाईक. मनीप्लांट बाटलीत किंवा लोंबत्या कुंडीत तळहाताएवढ्या पानांवर वर्षानुवर्षे राहतो, पण झाडाच्या बुंध्यावर चढला की तीच पाने हातभर होतात आणि कडेने फाटतात. एकाच वनस्पतीची दोन रूपे इतकी भिन्न, की अनोळखी माणूस त्यांना एक मानणार नाही. आधाराने वेलीचे रूप किती पालटते याचे इतके सुलभ उदाहरण दुसरे नाही, आणि ते आपल्या प्रतीक्षागृहातच ठेवलेले असते.

हाडजोड, शतावरी, गुडमार

हाडजोडीचे चौधारी कांड पाहून तिला जाड, भक्कम आधार हवा असे वाटते. तिची पकड मात्र पानासमोर फुटणाऱ्या बारीक तनाव्यांत आहे आणि तनावा जाड बांबूस वेढू शकत नाही. कोंबडीजाळीचा तुकडा किंवा मूठभर तुराट्या उभ्या खोचल्या तरी ती आनंदाने चढते. शतावरीचे काटे मागे वळलेले असतात. ती इतर झुडपांत शिरून रेलते. टोमॅटोला करतात तसे चार काठ्या आणि भोवती दोरीचे दोन-तीन वेढे पुरतात. तिच्या मुळांसाठी उथळ कुंडी चालत नाही, खोल पोते वा पिंप घ्यावे, आणि रुग्णांच्या बाकाजवळ ती ठेवू नये. गुडमारला गुळवेलीप्रमाणेच बारीक आधार द्यावा. तिचे पान चावून लगेच साखर खाल्ली तर काही काळ गोडी लागत नाही, ही परीक्षा मधुमेही रुग्ण मोठ्या कौतुकाने करून पाहतात.

बांधण्याविषयी

येथे वैद्यास काही शिकवावे लागू नये. सुश्रुतांनी चौदा बंध सांगितले आणि आवळण्याचे गाढ, सम, शिथिल असे तीन भेद केले. वेलीस नेहमी शिथिल बंध द्यावा. आठच्या आकड्यासारखा, म्हणजे स्वस्तिकबंधाच्या धर्तीवर, एक वेढा काठीभोवती आणि दुसरा सैल वेढा वेलीभोवती घ्यावा. मधल्या फुलीमुळे खोड काठीवर घासत नाही. गाठ काठीकडे असावी. केळीचे वाळलेले सोपट, सुती चिंधी किंवा दवाखान्यातील जुन्या गॉजची पट्टी उत्तम. नायलॉनची दोरी वापरू नये. खोड जाड होत जाते आणि दोरी सालीत रुतून रसवहन थांबते. वेटोळे घेणारी वेल ज्या बाजूने स्वतः वळत असेल त्याच बाजूने तिला वळवावे. उलटे गुंडाळल्यास ती सुटून येते. भग्नचिकित्सेत कुशांसाठी सांगितलेल्या द्रव्यांत वंश आहे, आणि सज्जातही बांबूला पर्याय नाही. मात्र त्याचे मातीतील टोक पावसाळ्यात कुजते. वैशाखात काठी हलवून पाहावी आणि डळमळत असल्यास पाऊस सुरू होण्यापूर्वी बदलावी. लोखंडी गज पश्चिमेकडे असतील तर उन्हाळ्यात ते इतके तापतात, की टेकलेले कोवळे खोड भाजते. अशा गजांवर सुंभ गुंडाळून घ्यावे.

निंबाश्रित गुडूची

आधाराचा विषय निघाला की निंबावरील गुळवेलीचा प्रश्न येणारच. कडुनिंबावर चढलेली गुडूची श्रेष्ठ, ही श्रद्धा वैद्यवर्गात आणि लोकांतही दृढ आहे. गुळवेल बांडगुळासारखी परोपजीवी नाही. तिची मुळे स्वतंत्रपणे जमिनीत असतात आणि आश्रयवृक्षाच्या रसवाहिन्यांशी तिचा सांधा होत नाही. निंबाचा काही प्रभाव पडत असेल तर तो सावली, ओलावा, माती अशा मार्गांनीच पडत असणार. परंपरेचा अनुभव मी नाकारीत नाही आणि स्वतः शक्य तेथे निंबावरचीच घेतो. परंतु औषधालयांनी वेष्टनावर ‘निंबाश्रित’ असे छापताना थोडे थांबावे. वाळलेल्या तुकड्यावरून किंवा चूर्णावरून आश्रयवृक्ष ओळखण्याची खात्रीची परीक्षा आपल्या हाती नाही. सर्व भिस्त गोळा करणाऱ्याच्या शब्दावर असते. त्या शब्दाचा एक उपयोग मात्र होतो. ‘‘निंबावरची आहे’’ म्हणणाऱ्यास ‘‘तो निंब दाखव’’ म्हणता येते आणि त्या निमित्ताने वेल प्रत्यक्ष पाहून होते.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंस आणखी एक विनंती. शार्ङ्गधरांनी सदैव आर्द्र वापरावयाच्या द्रव्यांत गुडूची व शतावरी या दोन्हींची गणना केली आहे. ओले खोड विकत घेताना निदान काही तुकड्यांवर पेरे, पान आणि हंगामात फूल वा फळ शिल्लक ठेवावयास सांगावे. कुंडीतील वेल औषधनिर्मितीस पुरणार नाही. पण सहा पाकळ्यांची खात्री केलेली एक वेल कारखान्याच्या दारात असली, तर माल उतरवून घेणाऱ्या कामगारासही तुलना करता येते. तिची फुलावरची फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवावी आणि त्यावर दिनांक, स्थळ, नर की मादी आणि कशावर चढली होती, हे लिहून नोंदवहीत ठेवावे. शंका राहिल्यास जवळच्या महाविद्यालयाचा द्रव्यगुण विभाग आहेच. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था येथेही वनस्पतीची ओळख पटवून घेता येते. नमुना पाठविताना केवळ पाने पाठवू नयेत. निष्पर्ण खोडावरील फुलांसह हातभर फांदी आणि शक्य असल्यास वेटोळे घेतलेला भाग आधाराच्या काडीसकट कापून पाठवावा.